बॉर्डरवर ‘मामा’ होऊ नये म्हणून

पत्र असं आहे :

“ताई, मी नाशिकचा, वय २८. मी आणि माझा मित्र पुढच्या वर्षी दोन हिमालयन ४११ मोटरसायकली न्हावा शेवाहून केनियातल्या मोंबासाला पाठवून केनिया, टांझानिया, झांबिया, बोत्स्वाना करत केप टाऊनपर्यंत जायचं म्हणतोय. रस्त्याची, पंक्चरची, सिंहाची कशाचीच भीती नाही, पण बॉर्डरची जाम आहे. व्हिडिओत बघतो तर गाडी थांबायच्या आत दहा जण अंगावर येतात, त्यात कोण कस्टमवाला आणि कोण एजंट काही कळत नाही. मित्र म्हणतो प्रत्येक बॉर्डरला एजंट घ्यायचा, पैसे फेकायचे आणि मोकळं व्हायचं. मी म्हणतो एकालाही जवळ येऊ द्यायचं नाही. यावरून आमचं दोनदा भांडण झालंय. त्यात आईला कोणीतरी सांगितलंय की तिकडे पासपोर्ट काढून घेतात. आमच्यात बरोबर कोण? आणि जाता जाता, गाडीला मराठी नंबर प्लेट आहे आणि मागे ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलंय, ते चालेल का?”

अरे नाशिककर, आधी भांडण मिटवते. मोंबासा बंदरात तुझा मित्र बरोबर, नमांगाला (केनिया-टांझानिया बॉर्डर) तू बरोबर, आणि टुंडुमाला (टांझानिया-झांबिया बॉर्डर) तुम्ही दोघंही चुकाल, कारण तिथे दुपारी तीनला दमून पोचलात तर मित्र पहिल्या माणसाला पैसे देऊन बसेल आणि तू शेवटच्या माणसाशी भांडत बसशील.

मी हा रूट २०२३ मध्ये केला, गाडी मी चालवत होते आणि नवरा मागे बसून होता, आणि प्रत्येक बॉर्डरला एजंट लोक धावत यायचे ते थेट नवऱ्याकडे. गाडी माझी, कार्ने (गाडी तात्पुरती परदेशात न्यायचं कस्टमचं पुस्तक) माझ्या नावाचं, फाइल माझ्या टँक बॅगेत आणि हा माणूस नवऱ्याला समजावतोय की ‘माय फ्रेंड, कस्टम व्हेरी डिफिकल्ट टुडे’. नवरा बिचारा माझ्याकडे बोट दाखवायचा. मग तो वळून मला म्हणणार ‘मामा, मामा, आय हेल्प यू’. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, वयाने बऱ्या दिसणाऱ्या कुठल्याही बाईला आदराने मामाच म्हणतात. पण आपल्या कानाला ते काय ऐकू येतं तुला माहितीये. दिवसभर लोक ‘मामा मामा’ म्हणत मागे लागलेत आणि तुला आतून वाटतंय की आज नक्की आपला मामा होणार.

आता बंदराचं. बंदर आणि रस्त्यावरची बॉर्डर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका. क्रेटमधून आलेली गाडी स्वतः जाऊन ‘माझी आहे, द्या’ म्हणून सुटत नाही, इथून पाठवताना जसा सीएचए, म्हणजे कस्टम हाऊस एजंट, लागतो तसा तिकडे सोडवताना लायसन्सवाला क्लिअरिंग एजंट लागतोच. शिपिंग लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर काढणं, पोर्टचे पैसे भरणं, कस्टमकडून कार्नेवर एंट्री करून घेणं हे सगळं त्याचं काम आहे आणि त्याची फी द्यायला अजिबात कुरकुरू नका. फक्त भारतातून निघायच्या आधी त्याच्याकडून मेलवर लेखी कोटेशन घ्या आणि त्यात तीन आकडे वेगवेगळे हवेत, शिपिंग लाइनचे किती, पोर्टचे किती आणि त्याचे स्वतःचे किती. ‘सगळं मिळून इतके’ असं लिहिणाऱ्याचा आकडा मोंबासात हमखास वाढतो. बंदरात ठेवायचे फुकटचे दिवस किती तेही विचारा, ते संपले की डेमरेजचं, म्हणजे जास्तीच्या दिवसांच्या भाड्याचं, मीटर सुरू होतं आणि मग तुम्हीच एजंटला म्हणाल की बाबा काय घ्यायचं ते घे पण गाडी काढ.

आता कार्ने, इथे जरा वेळ घालवते कारण बॉर्डरवरचा सगळा खेळ या पुस्तकाभोवती चालतो. तुमचं कार्ने बहुतेक मुंबईतून, चर्चगेटच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून निघेल. एक वर्ष चालतं, त्यासाठी बँक गॅरंटी द्यावी लागते, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आत्ताच मागायला लागा, ते कधी वेळेवर येत नाही. सगळे सांगतात की कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट. मला ते चेकबुकच वाटतं. एक पान म्हणजे एक देश, आणि पानाचे तीन तुकडे असतात. सगळ्यात खालचा तुकडा देशात शिरताना कस्टमवाला फाडून घेतो, मधला बाहेर पडताना फाडून घेतो, आणि वरचा भाग चेकच्या काउंटरफॉइलसारखा पुस्तकात राहतो, त्यावर एंट्रीचा एक आणि एक्झिटचा एक असे दोन शिक्के हवेत. हे दोन शिक्के नाहीत म्हणजे त्या देशाच्या लेखी तू गाडी तिथे विकून आलास, मग ते ड्यूटी मागणार, आणि ती मागणी फिरत फिरत तुझ्या बँक गॅरंटीवर येणार.

म्हणून कार्ने ही एकच गोष्ट अशी आहे की जी एजंटच्या हातात द्यायची नाही. म्हणजे नाहीच. पासपोर्टचंही तेच, पण पासपोर्टबद्दल सगळे सावध असतात, कार्नेबद्दल दोन-तीन बॉर्डर झाल्या की सैल पडतात. मी पडले. कुठल्या बॉर्डरला ते नाही सांगत. कडक ऊन होतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं, एक बोलका पोरगा भेटला, म्हणाला मामा तू बस सावलीत, मी आत माझ्या माणसाकडून दोन मिनिटांत स्टँप मारून आणतो. मी झाडाखाली बसून तिखट-लिंबू लावलेलं भाजलेलं कणीस खात होते आणि तो खरंच दहा मिनिटांत आला, शिक्का मारलेला, सगळं छान, मी त्याला दहा डॉलर दिले आणि वर थँक्यू म्हटलं. संध्याकाळी हॉटेलात फाइल लावताना बघते तर खालचा तुकडा पानावर तसाच होता आणि मधला गायब. म्हणजे देशात शिरताना आमचा बाहेर पडायचा कागद फाडला होता. पुढच्या बॉर्डरला तिथला अधिकारी पान उलटून पालटून बघतोय आणि विचारतोय की तुमची गाडी तर आधीच देशाबाहेर गेलीये, मग ही कुठली? बरं, तो भला माणूस होता. साहेबाला बोलावलं, फोन झाले, वरच्या काउंटरफॉइलवर हाताने शेरा लिहून सही-शिक्का दिला. यात तीन तास गेले. मी काउंटरसमोर उभी असते तर बोट ठेवून दाखवलं असतं की साहेब, खालचा. ज्यांना महिन्यातून एखादंच कार्ने दिसतं त्यांचा गोंधळ होतो, त्यात त्यांचा दोष नाही, आणि त्या पोराचाही फारसा नाही, त्याने जे सांगितलं ते केलं. कणीस मी खात होते.

(शिक्का राहूनच गेला असेल तर कार्नेच्या शेवटी एक पान असतं, गाडी आज अमुक ठिकाणी आहे असं तिथल्या कस्टमकडून किंवा वकिलातीकडून लिहून घ्यायचं. ते पान आहे हे माहीत असू दे, लागू नये.)

चॅसिस नंबर आरसीवर, कार्नेवर आणि गाडीवर अक्षर न् अक्षर तोच आहे का हे घरीच तपासा, एका आकड्याची चूक असेल तर चर्चगेटलाच दुरुस्त करून घ्या. आणि टूल किटमध्ये एक जुना टूथब्रश टाका. काही अधिकारी उठून गाडीपाशी येतात, वाकून नंबर बघतात, आणि तो नंबर नेमका लाल चिखलाखाली असतो. मी ब्रशने घासून दिला तेव्हा एक बाई हसायला लागली आणि पुढचं काम भराभर झालं.

आता नमांगा. केनिया-टांझानियाची ही बॉर्डर ‘वन स्टॉप’ आहे, आणि वन स्टॉपचा अर्थ नीट कळला तर अर्धे एजंट आपोआप बाद होतात. आपण समजतो की आधी या देशातून बाहेर पडायचा शिक्का, मग फाटक, मग त्या देशात आत जायचा शिक्का. इथे तसं नाही. केनियाच्या बाजूला न थांबता सरळ पलीकडे टांझानियाच्या इमारतीत जायचं, तिथे एकाच हॉलमध्ये दोन्ही देशांचे लोक बसतात. आधी केनियाचं इमिग्रेशन, मग टांझानियाचं इमिग्रेशन, मग केनियाचं कस्टम, मग टांझानियाचं कस्टम. चार शिक्के, एक हॉल. गडबड अशी होते की पासपोर्टवर दोन शिक्के पडले की माणसाला वाटतं झालं, आणि केनियाच्या कस्टमकडून कार्नेचा मधला तुकडा फाडून घ्यायचा राहतो. एजंटला हे बरोबर माहीत असतं. तो अलीकडच्या बाजूलाच तुम्हाला थांबवून सांगणार की इथे स्टँप घ्यावा लागतो, नाहीतर पुढून परत पाठवतात. हसून ‘हपाना असांते’ म्हणायचं, म्हणजे ‘नको, थँक्यू’, आणि पुढे जायचं. तुम्हाला चार काउंटर पाठ आहेत हे त्याला चालण्यावरून कळतं.

खरा अधिकारी ओळखायचा कसा असं विचारलंयस. खरा अधिकारी धावत येत नाही रे. तो खिडकीच्या आत बसलेला असतो आणि तूच त्याच्याकडे जातोस. गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड अडकवून, बोडा-बोडावर (भाड्याच्या मोटरसायकलवर) बसून अर्धा किलोमीटर आधीपासून तुझ्याबरोबर गाडी पळवत येणारा माणूस कस्टमचा नसतो. गंमत म्हणजे ‘बोडा-बोडा’ हा शब्दच बॉर्डरवरून आलाय, केनिया-युगांडाच्या बुसियाला सायकलवाले लोकांना या फाटकापासून त्या फाटकापर्यंत सोडायचे आणि ‘बॉर्डर-बॉर्डर’ ओरडायचे. आता त्या सायकलींच्या जागी मोटरसायकली आल्या आणि त्यातल्या किती आपल्या आकुर्डीच्या बजाजच्या बॉक्सर आहेत ते तिकडे गेल्यावर बघ. टांझानियात तर तीनचाकी रिक्षाला ‘बजाजी’च म्हणतात. पुण्याजवळून आलोय, बजाज आमच्याकडची, एवढं सांगितलं की मागे लागलेला पोरगासुद्धा दोन मिनिटं एजंटगिरी विसरून क्लच प्लेटवर बोलायला लागतो. अशा गप्पा जरूर मार. फक्त गप्पा मारता मारता त्याचं पेन घेऊ नकोस. हसू नको, खरं सांगते, नव्वद टक्के भानगडी पेनापासून सुरू होतात. फॉर्म भरायचाय, पेन नाही, तो देतो, मग तोच भरून देतो, मग तोच लाइनीत उभा राहतो आणि शेवटी ‘माय फ्रेंड, माय मनी’. तीन बॉलपेनं घेऊन जा. आरसी, पासपोर्ट, इंटरनॅशनल लायसन्सच्या पंधरा-पंधरा झेरॉक्स पण इथूनच न्या.

आता टुंडुमा-नाकोंडे, टांझानियातून झांबियात जायची. तिथे पोचायच्या कितीतरी आधीपासून ट्रकची रांग लागते, दार-ए-सलाम बंदराचा माल झांबिया आणि काँगोकडे जातोय आणि तिकडचं तांबं बंदराकडे येतंय. घाबरू नका, ही रांग तुमची नाही, बाजूने हळूहळू पुढे जायचं, बाईकला कोणी काही म्हणत नाही. पण एवढे एजंट तिथे का आहेत ते या रांगेवरून कळतं. ते मुळात ट्रकच्या मालासाठी आहेत, त्यांचं तिथे खरोखर काम आहे, आपल्या आरटीओच्या गेटबाहेर टेबल टाकून बसणाऱ्यांसारखं. तू त्यांच्यासाठी वरकड कमाई आहेस. त्यामुळे तू नाही म्हटल्यावर त्यांना राग-बिग येत नाही, पुढच्या ट्रककडे जातात. राग तू धरलास तरच तमाशा होतो.

घड्याळ नीट बघ. टांझानिया झांबियापेक्षा एक तास पुढे आहे. मोबाईल कधी या बाजूचा टॉवर पकडतो कधी त्या, आणि एक तास पुढे-मागे उड्या मारत राहतो. एजंटला तुझी ही धांदल दिसली की ‘ऑफिस दहा मिनिटांत बंद होतंय’ हे ठरलेलं वाक्य येतं. मनगटावर साधं घड्याळ असू दे आणि ते झांबियाच्या वेळेला लावून घे.

नाकोंडेला आणखी एक घोळ असा की पैसे एका खिडकीवर भरून संपत नाहीत. कार्बन टॅक्स म्हणून एक असतो, रोड टोल म्हणून एक, इन्शुरन्स वेगळा, आणि तिथल्या स्थानिक कौन्सिलची लेव्ही वेगळी, माझ्या वेळी काही क्वाचात, म्हणजे झांबियाच्या चलनात, घेत होते काही डॉलरमध्ये. यातली कौन्सिलची लेव्ही ज्या खोलीत घेतात ती बघून तू नक्की म्हणशील की हा चुना आहे, एक टपरीवजा खोली, एक टेबल, पावती पुस्तक. ती खरी आहे. म्हणजे तुझा ‘एकालाही जवळ येऊ द्यायचं नाही’ हा बाणा इथे तोंडावर आपटतो, कारण खोटा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि खरा बनियनवर बसलेला असतो. कपड्यावर जाऊ नकोस, पावतीवर जा. छापील पावती, त्यावर नंबर, त्यावर गाडीचा नंबर, मग पैसे. बाईकला यातलं काय लागतं आणि काय नाही हे कस्टमच्या खिडकीवरच विचारून कागदावर लिहून घे आणि त्या यादीबाहेरचा एक क्वाचाही देऊ नको.

इन्शुरन्सचा खर्च आणि त्यावरची झिगझिग तिथे टाळता येते, नैरोबीत किंवा मोंबासात थर्ड पार्टी घेतानाच कोमेसाचं, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व-दक्षिण भागातल्या देशांच्या व्यापारी संघटनेचं, यलो कार्ड घेतलंस तर ते टांझानिया आणि झांबियातही चालतं. बोत्स्वानापासून पुढे नाही. पण एक लक्षात ठेव, पिवळ्या तापाच्या लसीच्या पुस्तकालाही लोक यलो कार्डच म्हणतात. मी एकदा आरोग्य खात्याच्या बाईंना मोठ्या ऐटीत इन्शुरन्स दाखवला आणि त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. (लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आयुष्यभर चालते, आणि ती नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकू शकतोस.) टांझानियात इन्शुरन्सच्या दुकानावर पाटी असते ‘बीमा’. गाडीला ‘गारी’ आणि दुकानाला ‘दुका’. लांबून पाटी वाचून मला एकदम एलआयसीच्या एजंटची आठवण आली आणि उगाच धीर आला.

पैसे बदलणारे. त्यांच्याशी गाडीवर बसून व्यवहार करायचा नाही, हेल्मेट डोक्यावर असताना तर नाहीच. त्यांचा कॅल्क्युलेटर त्यांचा असतो, तू स्वतःचा मोबाईल वापर. ते नोटा दुमडून मोजतात, एक नोट दोनदा मोजली जाते, तू त्यांच्या नोटा आधी हातात घेऊन मोज आणि मग तुझा डॉलर खिशातून काढ. झांबियाने २०१३ मध्ये क्वाचातले तीन शून्य उडवले, त्यामुळे हजारो क्वाचाची जुनी नोट कोणी दिली तर ती आठवण म्हणून घरी लावायच्या लायकीची आहे. आणि डॉलर नेताना कोऱ्या, न फाटलेल्या, पेनाची रेघ नसलेल्या, अलीकडच्या सालाच्या नोटा ने. २००६ च्या आधीच्या तर तिकडे कोणी हातात धरत नाही.

मग ‘चाय’. केनियात लाच मागायची पद्धत अगदी आपल्यासारखीच आहे, चहापाण्याला काहीतरी. ‘किटू किडोगो’ म्हणतात, म्हणजे काहीतरी छोटंसं. मला सरळ कोणी मागितलं असं एकदाच झालं, बाकी वेळा नुसती शांतता असते, फाइल टेबलावर आहे, साहेब खिडकीबाहेर बघतायत. अशा वेळी आपलं पाकीट आपोआप बाहेर येतं, ते येऊ द्यायचं नाही. मी खाली मान घालून विचारायचे की ‘साहेब, याची रिसिती मिळेल ना?’ रिसिती म्हणजे पावती. मग मी खुर्ची ओढून बसायचे आणि बिस्किटाचा पुडा काढायचे. आपण बसून राहायच्या तयारीत आहोत हे एकदा दिसलं की फाइल पुढे सरकते. तू दिलेस तर तोही तिकडचा गुन्हाच आहे, आणि तुझ्या मागून येणाऱ्या पोरांचा रेट ठरवून ठेवशील ते वेगळंच.

टांझानियात वयाने मोठ्या अधिकाऱ्याला आधी ‘शिकामू’ म्हण. मोठ्यांना नमस्कार करायची ती रीत आहे, समोरचा ‘माराहाबा’ म्हणतो. तू २८ चा आहेस, तुझ्या तोंडी शोभेल. कागद पुढे करायच्या आधी नमस्कार, एवढंच. मला यामुळे कुठल्याही एजंटपेक्षा जास्त फायदा झाला.

आता मित्राच्या बाजूने बोलते, नाहीतर म्हणेल ताईने एकतर्फी निकाल दिला. एजंट घ्यायची वेळ येते. ताप भरलाय, गाडी ढकलत आणलीये, अंधार पडत आलाय आणि मागे राहायला जागा नाही, अशा वेळी दहा डॉलर वाचवणं मूर्खपणा आहे. किंवा भाषा येत नाही. तुमच्या रूटवर केनियापासून बोत्स्वानापर्यंत सगळीकडे इंग्लिश चालतं म्हणून दुभाषा लागत नाही, पण उद्या मोझांबिकला वळलात तर पोर्तुगीज आहे. काही देशांत तर कायद्यानेच कोणीतरी लागतो, चीनमध्ये परमिट आणि गाइडशिवाय परदेशी गाडी फिरवता येत नाही, थायलंडने २०१६ पासून आधी परमिट काढायची सक्ती केलीये, इजिप्तमध्ये गाडीला त्यांची नंबर प्लेट लावून मिळते आणि त्या कचेऱ्यांच्या फेऱ्या एकट्याने मारायच्या म्हणजे दिवस जातात. तिथे जाणकार माणूस घ्या आणि खुशाल घ्या.

पण घ्यायचा तर तुम्ही निवडून घ्या, जो पहिला झोंबला तो नाही. लांब उभा असलेला, वयाने बरा, ज्याला खिडकीतला माणूस नावाने हाक मारतो असा बघा. काम सुरू व्हायच्या आधी आकडा ठरवा आणि तो दोघांचा मिळून की प्रत्येकी, कुठल्या चलनात, हे त्याच्याकडून बोलून घ्या, कारण शेवटी तो म्हणणार की पन्नास म्हणजे शिलिंग नव्हे, डॉलर. सरकारी पैसे तुम्ही खिडकीवर भरणार, त्याला फक्त त्याची फी आणि तीही फाटकाच्या पलीकडे गेल्यावर. तो पुढे चालेल, कागद तुमच्या हातात, तुम्ही मागे. आणि एकाला हो म्हटलं की त्यालाच सांगा बाकीच्यांना हाकलायला. ते तो फार मन लावून करतो.

तुम्ही दोघं आहात ही मोठी सोय आहे. एकाने गाड्यांपाशी थांबायचं, दुसऱ्याने आत जायचं, मग अदलाबदल. गाडीपाशी थांबणाऱ्याने फक्त सामानाकडे बघायचं आणि कोणी काही विचारलं तर ‘पैसे-कागद सगळं आत गेलेल्याकडे आहे’ म्हणायचं. आत गेलेल्याने बरोबर उलटं सांगायचं. आणि टुंडुमाला आदल्या रात्री अलीकडेच मुक्काम करा, सकाळी इडली-उपमा तिकडे नाही पण चहा-चपाती मिळते, ती खाऊन आठला फाटकात. मधल्या वारी. तुम्हाला घाई नसेल तर एजंटकडे विकायला काही उरतच नाही.

पुढचं सोपं आहे. काझुंगुलाला, झांबिया-बोत्स्वानाच्या बॉर्डरवर, झांबेझी नदीवर ९२३ मीटरचा पूल मे २०२१ मध्ये सुरू झाला, त्याआधी तिथे तराफ्यावरून गाड्या जायच्या आणि तिथल्या एजंटगिरीचे जुने किस्से तुम्ही वाचले असतील ते विसरा. पूल, एक इमारत, झालं. बोत्स्वानात शिरताना जनावरांच्या रोगासाठी बूट आणि टायर औषधाच्या पाण्यातून काढायला लावतात, कच्चं मांस नेऊ देत नाहीत, त्यात तुमचं काही जात नाही. बोत्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, लेसोथो, इस्वातिनी हा कस्टमच्या दृष्टीने एकच इलाका आहे, म्हणजे कार्नेवर बोत्स्वानात शिरताना एकदा आणि केप टाऊनहून गाडी पाठवताना एकदा. पासपोर्टवर मात्र प्रत्येक फाटकाला. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा इथूनच घेऊन निघा. केनियाला आता व्हिसा नाही, जानेवारी २०२४ पासून ईटीए आहे, म्हणजे आधी काढायची प्रवासाची परवानगी, ऑनलाइन.

सामानात कॅरी बॅग नकोत, केनियात ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात जून २०१९ पासून बंदी आहे, आणि आपण कपडे, चिवडा, टूल्स सगळं कॅरी बॅगेत बांधतो. माझा चिवडा हेल्मेटच्या कापडी पिशवीत गेला. ड्रोन असेल तर घरी ठेव, परमिटशिवाय केनियात जप्त होतो आणि मग ‘सोडवून देतो’ म्हणणारा एजंट खराच लागतो.

आईंना सांग, इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्ट घेतो, शिक्का मारतो, परत देतो, तेवढाच तो हातातून जातो, आणि तू समोर उभा असतोस. एक रंगीत झेरॉक्स त्यांच्याकडे ठेव आणि प्रत्येक बॉर्डर ओलांडली की मेसेज टाक, पण ‘आता बॉर्डरला चाललोय’ असा आधी टाकू नको, नेटवर्क जातं आणि त्या चार तास देवापुढे बसून राहतात. माझ्या सासूबाई बसल्या होत्या.

राहिली नंबर प्लेट. मराठी प्लेट तशी आपल्याकडेही नियमात बसत नाही, आणि तिकडे तर कार्नेवर जी इंग्रजी अक्षरं-आकडे आहेत तेच गाडीवर दिसले पाहिजेत, नाहीतर पहिल्याच फाटकाला तुझ्याभोवती पंधरा एजंट जमतील. बदलून घे, मागे ‘आयएनडी’चा लंबगोल स्टिकर लाव. ‘आईचा आशीर्वाद’ राहू दे. कस्टमवाली बाई बोट ठेवून विचारेल हे काय लिहिलंय, तर आशीर्वादाचं इंग्लिश शोधत बसू नकोस, नुसतं ‘मामा’ म्हण.